नवव्या भागातली शेळी

“रविवारी रोह्याच्या ग्रेसबाई नक्की येतायत,” फोन ठेवत आसावरी म्हणाली. “नवव्या भागावर वाचकांचं काय म्हणणं आहे ते ऐकायला. आणि सर, मुख्य तुम्हीच बोलायचं, असं खास सांगितलंय त्यांनी.”

विष्णु गुप्तेसरांनी नुकताच चहाचा कप तोंडाला लावला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला. पेणच्या लोकविद्या वाचनालयाचे ते एकोणीस वर्षं मानद चिटणीस होते, आणि या एकोणीस वर्षांत त्यांना बोला म्हणून सांगावं लागलं नव्हतं, आवरा म्हणून मात्र पुष्कळदा सांगावं लागलं होतं. आज ते म्हणाले, “रविवार जरा घाईचा होतोय.” त्यावर ग्रंथपाल आसावरीने आज मंगळवार असल्याचं आणि पुस्तक सरांनी दिवाळीतच वाचलेलं असल्याचं त्यांच्या लक्षात आणून दिलं.

इथेच सगळी गोम होती. पुस्तक सरांनी वाचलंच नव्हतं.

लोकविद्या वाचनालयात एक पद्धत होती आणि ती सरांनीच पाडली होती. नवं पुस्तक आलं की ते आधी सरांच्या रामवाडीतल्या घरी जायचं. सर ते वाचायचे, चार ओळींचा अभिप्राय सुवाच्य अक्षरात एका चिठ्ठीवर लिहायचे, आणि ती चिठ्ठी पहिल्या पानावर डकवली की मगच पुस्तक कपाटात लागायचं. शेवटची दोन कोरी पानं वाचकांसाठी. वाचून झालं की तिथे आपलं मत लिहायचं, खाली सही करायची. पेणमधले लोक पुस्तक निवडताना लेखकाचं नाव नंतर बघत, आधी सरांची चिठ्ठी. सर निवृत्त मुख्याध्यापक होते, पण त्यांना गावात जो मान होता तो शाळेचा कमी आणि या चिठ्ठ्यांचा जास्त होता. त्यांचं स्वतःचंही मत तसंच होतं.

ग्रेसबाई भालेराव म्हणजे रोह्याच्या निवृत्त नर्स. नोकरी संपल्यावर त्यांनी एक अचाट काम अंगावर घेतलं. भाच्याने परदेशातून धाडलेली एक लांबलचक ख्रिस्ती थरारकादंबरी मराठीत आणायची. ‘अखेरचा प्रहर’, एकूण नऊ भाग. एका सकाळी जगातली सगळी भाविक माणसं अंगावरचे कपडे जागच्या जागी टाकून स्वर्गात निघून जातात, आणि मागे उरलेल्यांवर एकामागून एक संकटं कोसळतात. त्या उरलेल्यांत डॅनियल नावाचा एक रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर असतो, तो आपल्या हरवलेल्या मुलीला, मार्थाला, नऊ भाग शोधत हिंडतो. बाई हाताने लिहीत, झेरॉक्सवाला ते टाइप करून एकच प्रत काढी आणि बांधून देई, आणि ती प्रत बाई पेणच्या वाचनालयाला पाठवीत. एकच का, असं आसावरीने एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, डोळ्यांचा पडदा गेलाय, शेवटचे दोन भाग तर मी तोंडी सांगून लिहून घेतले, घरात ठेवून मी काय त्याला हात लावून बघू?

पहिले दोन भाग सरांनी खरोखर वाचले. पेणकरांनीही वाचले आणि मागच्या पानांवर आपापली मतं मोकळेपणाने मांडली. ‘पुण्यवान माणसे पहिल्या प्रकरणातच गेली, आता पुढचे आठ भाग कोणाविषयी?’ असा एकाने सवाल केला होता. दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘गेलेल्यांच्या कपड्यांचे वर्णन आहे पण दागिन्यांचे काय झाले ते कुठेच नाही.’ ‘आमच्या आळीतले कोणी जाईल असे वाटत नाही,’ असंही एक मत होतं, आणि त्याखाली वेगवेगळ्या अक्षरांत तिघांनी ‘सहमत’ म्हणून सह्या केल्या होत्या. सरांच्या सौभाग्यवतींनी, सुनीतीबाईंनी, चौथ्या भागापर्यंत दम काढला. “हा डॅनियल चार भाग नुसती गाडी चालवतोय,” त्या म्हणाल्या, “जेवतो कधी ते एकदा तरी लिहायचं होतं.”

तिसऱ्या भागात विंचवासारख्या नांग्यांचे टोळ आले आणि सरांना दुपारची झोप आली. पुस्तक परत मागायला माणूस दारात आला तेव्हा सरांनी प्रकरणांची नावं चाळून चिठ्ठी लिहिली. कुणाला काही कळलं नाही. चौथ्या भागाला प्रकरणांची नावंही लागली नाहीत. नववा आला तो दिवाळीत, घरात पाहुणे. सरांनी फराळाच्या ताटाशेजारी बसून, पुस्तक न उघडता, लिहून टाकलं, ‘अंगावर काटा आणणारा शेवट. खोल प्रतीकात्मकता. हे पुस्तक केवळ वाचायचे नसून त्यावर चिंतन करायचे आहे.’

आता चिंतन करायची पाळी त्यांच्यावर आली होती.

त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “नववा भाग आहे ना कपाटात? जरा संदर्भ बघून घेतो.” आसावरी म्हणाली, तो काशीबाई घेऊन गेल्यात. दुसऱ्यांदा. काशीबाई म्हणजे जिते स्टेशनाजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. पूर्वी मिठागरात काम करायच्या, आता शेळ्या पाळतात, आणि दर मंगळवारी पेणच्या बाजाराला आल्या की पुस्तक बदलून नेतात. सकाळीच येऊन गेल्या होत्या, पुस्तक तेवढं आणलं नव्हतं. अजून काम आहे, रविवारी कार्यक्रमाला येईन तेव्हा घेऊन येते, म्हणाल्या. जित्याला जाऊन पुस्तक मागावं तर चिठ्ठी लिहिणारा माणूस पुस्तक मागतोय हे कसं दिसेल, या विचाराने सरांनी तो बेत मनातच मोडला. आसावरीने मागच्या पानावरचे अभिप्राय मात्र कार्यक्रमासाठी आधीच वहीत उतरवून ठेवले होते. ती वही काखेत मारून ते घरी आले.

वहीत चौदा अभिप्राय होते. त्यातल्या तेरांचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच होता. ‘गुप्तेसरांशी सहमत. शेवट अंगावर काटा आणतो.’ ‘सरांनी म्हटल्याप्रमाणे प्रतीकात्मकता खोल आहे.’ ‘चिंतन चालू आहे.’ सरांना पहिल्यांदाच स्वतःच्या वजनाचा राग आला.

सुनीतीबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सल्ला दिला.

“सरळ सांगून टाका, वाचलं नाही म्हणून.”

“एकोणीस वर्षं, सुनीती. एकोणीस वर्षं लोक माझ्या चिठ्ठीवर पुस्तकं नेतायत.”

“मग अठरा वर्षांचं तरी खरं होतं, तेही सांगा.”

हा सल्ला सरांच्या पचनी पडण्यातला नव्हता. तेरा सहमतांपैकी कुणीतरी पुस्तक वाचलंच असेल, त्याच्याकडून गोष्ट काढून घ्यावी, असं त्यांनी ठरवलं. सगळ्यात भारदस्त सही डॉक्टर सुश्रुत यांची होती, दातांचे डॉक्टर. सर गुरुवारी दाढ ठणकते म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, आ करायला लावलं आणि आरसा आत घातला.

“दाढ तर उत्तम आहे, सर.”

सरांनी आरसा बाजूला करवून घेतला. “असू दे. काय हो, नववा भाग वाचलात ना? शेवट कसा वाटला तुम्हाला?”

“तुम्ही चिठ्ठीत लिहिलंय तसाच.”

“म्हणजे नेमका?”

डॉक्टर दाराकडे बघत म्हणाले, “सर, ते प्रतीक जरा वेगळंच आहे ना? मला वाटतं तुम्हीच रविवारी उलगडून सांगा. मला काही ते नीटसं शब्दांत पकडता येत नाही.” आणि सर आणखी काही विचारतील म्हणून त्यांनी घाईघाईने पुन्हा आ करायला लावून सगळे दात साफ करून टाकले. सर घरी आले ते चकचकीत दात आणि कोरं डोकं घेऊन.

शेवटी त्यांना तारलं ते चौदाव्या अभिप्रायाने. तो काशीबाईंचा होता. आसावरीने जसाच्या तसा उतरवला होता. ‘शेवटचा भाग फार कामाचा हाय. पान एकेचाळीस वाचून शेळी वाचली. पुस्तक परत पायजे.’

सरांनी तो तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. शेळी! ख्रिस्ती धर्मग्रंथात शेवटच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेळ्या डावीकडे अशी विभागणी होते, हे त्यांना कुठूनसं ठाऊक होतं. म्हणजे नवव्या भागात डावीकडच्या शेळीचाही उद्धार होतो तर! चुकलेल्या जिवाला शेवटच्या क्षणी क्षमा! खाडीकाठच्या एका अडाणी बाईला जे कळलं ते तेरा सुशिक्षितांना कळलं नाही, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. खरं तर काशीबाई सातवी पास होत्या, पण भाषणाला अडाणी बाई बरी पडत होती. शुक्रवार आणि शनिवार बसून सरांनी ‘शेळी : एक चिंतन’ असं आठ पानांचं भाषण तयार केलं. ते त्यांना इतकं आवडलं की आपण पुस्तक वाचलेलं नाही हे त्यांच्या जवळजवळ लक्षातून गेलं.

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला. ग्रेसबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा आसावरी त्यांचा हात धरायला पुढे झाली, तर त्यांनीच तिचा धरला आणि नाडी बघितल्यासारखं मनगट चाचपून, रक्त कमी आहे, बीट खात जा, असं सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरी साडी, काळा चष्मा. खुर्चीत बसल्यावर मात्र त्या एकदम लहान दिसायला लागल्या.

“मला फार काही ऐकायचं नाही,” त्या म्हणाल्या. “एकच विचारायचंय. शेवटच्या पानावर डॅनियलला मार्था भेटते. ते पान मी चार वेळा केलं. इंग्रजीत ती भेट दोन ओळींत आहे. मराठीत ती दोन ओळींत बसेना, आणि वाढवली की रडारड व्हायला लागली. शेवटी जे सांगितलं ते कागदावर कसं उतरलं हे मला बघता येत नाही. मी माणसं मरताना पाहिलीत, जन्मताना पाहिलीत, पण ही भेट मला जमली का, हे मला तुमच्यातल्या कुणीतरी खरं सांगा. मग माझं काम झालं.”

सरांच्या आठ पानांत मार्था नव्हती. पण हातात भाषण असलं की माणसाला ते करावंसं वाटतंच. सर उभे राहिले. मार्थेची भेट तर अप्रतिमच, असं एका वाक्यात उरकून ते शेळीवर आले. शेळी म्हणजे चुकलेला जीव, शेळी म्हणजे तुम्ही आणि मी, पान एकेचाळीसवर ती मरणाच्या दारातून परत येते तिथे या महाकादंबरीचं शिखर आहे, असं म्हणताना त्यांचा आवाज दाटून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ग्रेसबाईंच्या कपाळावर आठी पडली. “शेळी कुठली?” त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, “तुमची. एकेचाळिसाव्या पानावरची.”

“मी शेळी लिहिलेली नाही.”

तेव्हा डॉक्टर सुश्रुत सरांच्या मदतीला उठले. आपल्यालाही ती शेळीच भावली, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मग सहमतांपैकीच इंदुबाई उठल्या आणि शेळीचं वर्णन वाचताना अगदी डोळ्यांसमोर उभी राहते म्हणाल्या. मागून गोविंदराव म्हणाले की शेळ्या एकाहून जास्त आहेत आणि त्यातली काळी विशेष लक्षात राहते. पाच मिनिटांत हॉलमध्ये शेळीच्या बाजूने सात जण बोलले आणि एकानेही तिच्याविषयी शंका काढली नाही.

ग्रेसबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला, त्या चष्म्याचा त्यांना काही उपयोग नसताना.

“सर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “डोळे गेले ते मी मानलं. आता डोकंही गेलं का माझं? एवढी मोठी शेळी सांगितली आणि मला आठवतसुद्धा नाही?”

गुप्तेसरांचं सगळं अवसान त्या वाक्यासरशी गळालं. गप्प राहिले असते तर निभावून गेलं असतं. बाईंनी स्वतःलाच दोष दिला असता, लोक चहा घेऊन घरी गेले असते आणि चिठ्ठीची अब्रू राहिली असती. पण ही म्हातारी आता रोह्याला जाऊन घरात एकटी बसून आपलं डोकं तपासत राहणार, हे त्यांना दिसलं आणि त्यांच्याने राहवेना. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

“बाई, तुमचं डोकं ठीक आहे,” ते म्हणाले. “मी पुस्तक वाचलेलं नाही. दुसऱ्या भागानंतर एकही वाचलेला नाही. शेळी मी काशीबाईंच्या अभिप्रायावरून घेतली आणि बाकीचं मनाने रचलं.”

सुनीतीबाईंनी डोळे मिटून घेतले. मग डॉक्टर सुश्रुत चाचरत उठले.

“पण सर, शेळी आहे. मी पाहिलीय.”

“तुम्ही वाचलंत?”

“पहिली दोन पानं. शेळीच होती. मला काही कळेना. पण तुम्ही खोल प्रतीकात्मकता म्हणून लिहिलं होतं, तर म्हटलं आपली कुवत कमी पडतेय. मग मिटून ठेवलं आणि सहमत म्हणून लिहिलं.” इंदुबाईंचंही तसंच झालं होतं. गोविंदरावांनी चित्रं बघितली होती. बाकीच्यांनी उघडलंच नव्हतं, आणि अभिप्राय उतरवणाऱ्या आसावरीने फक्त मागचं पान उघडलं होतं. ते तिने कुणी न विचारताच सांगितलं.

मागच्या रांगेतून काशीबाई पुढे आल्या. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

“मी वाचलंय,” त्या म्हणाल्या. “आठी भाग वाचलंय आनि ह्यो पन. शेली हाय. माजी शेली फुगली व्हती, पान येकेचालीसवर लिवलंय तसं गोडंतेल नि हिंग दिला, उठली. आता दुसरी फुगली म्हनून परत नेलंवतं. तीबी बरी हाय.”

आसावरीने पुस्तक उघडलं. वर पुठ्ठा ‘अखेरचा प्रहर, भाग नववा’. पहिलं पान तेच, त्यावर सरांची चिठ्ठी. दुसऱ्या पानापासून ‘शेळ्यांच्या जाती, निवारा व खाद्य’. पान एकेचाळीस, ‘पोटफुगी : लक्षणे व घरगुती उपाय’. शेवटी ती दोन कोरी पानं, त्यावर तेरा सहमत. आसावरीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

“काशीबाई,” सर कसंबसं म्हणाले, “तुम्हाला हे विचित्र नाही वाटलं?”

“काय विचित्र? आठ भागांत जगाचा नाश झाला. शेतं जलली, दर्या आटला. आता जी मानसं उरली त्यांनी खायाचं काय? बाईंनी इचार करून लिवलंय असं वाटलं मना. शेल्याच पालायला लागतील.”

ग्रेसबाई हसल्या. आधी नुसता खांदा हलला, मग त्या इतक्या हसल्या की आसावरीने पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “मग माझा नववा भाग गेला कुठे?” त्यांनी विचारलं.

तो शोधून काढायचं सरांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. सोमवारी सकाळी त्यांनी रोह्याची गाडी पकडली. जित्याहून बसून आलेल्या काशीबाई डब्यात होत्याच, मांडीवर शेळीचं पुस्तक घेऊन. ज्याचं हाय त्याला मी सवता देनार, बरी झाली म्हनून सांगनार, असं त्यांचं म्हणणं होतं. वाटेत त्यांनी सरांना तिसऱ्या भागापासून गोष्ट सांगायला घेतली. नागोठणं आलं तेव्हा टोळ संपून गोड बोलणारा जुलमी राजा गादीवर बसला होता, आणि सर झोपले नव्हते.

रोह्याच्या झेरॉक्सवाल्या अमोलने पुठ्ठा उलटसुलट बघितला आणि डोक्याला हात लावला. दिवाळीच्या आदल्या दिवशी दोन कामं एकाच वेळी बांधायला घेतली होती. एक बाईंचं, दुसरं कुंडलिका नदीपलीकडच्या काळुरामचं, त्याने शेळीपालक मंडळासाठी माहिती गोळा करून पुस्तक करायला दिलं होतं. “पुठ्ठे आणि पहिली पानं आधी जोडून ठेवली, आतले गठ्ठे नंतर. तेव्हा अदलाबदल झाली असणार,” तो म्हणाला. “पण काळुराम काही बोलला नाय. चार महिने झाले. टाइप केलेलं आणि मूळ कागद मी इतके दिवस ठेवत नाय.”

सरांनी ग्रेसबाईंना त्यांच्या घरून रिक्षात घेतलं. बाई वाटेत एकदाच बोलल्या. त्या माणसाने ते पुस्तक बिनकामाचं म्हणून चुलीत घातलं असेल तर मला लगेच सांगा, लपवू नका, असं त्या म्हणाल्या.

काळुरामच्या ओटीवर पाच-सहा माणसं टेकली होती. काळुराम पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा. काशीबाईंनी त्याच्या हातात पुस्तक दिलं तेव्हा त्याने ते चाळलं आणि बाजूला ठेवलं. “ह्यातलं आमचं सगलं पाठ हाय, मीच गोला केलंय,” तो म्हणाला. मग सरांनी भीत भीत दुसऱ्या पुस्तकाचं विचारलं. तसा तो सावध झाला.

“कशाला पायजे?”

“ते या बाईंचं आहे. चुकून तुमच्याकडे आलं.”

“पयलं पान उलटलं तं शेलीचा पत्ता नाय,” काळुराम म्हणाला. “येक मानूस रुग्णवाहिका घेऊन निघालेला. म्हटलं आता हितं कशाला आला हा? बघू तरी म्हनून वाचलं. मग ह्यांना वाचून दाखवलं. आता रोज सांजच्याला येक-येक प्रकरन. दोनदा संपलं, तिसऱ्यांदा चालू हाय.”

आणि मग ओटीवरच्या सगळ्यांना कंठ फुटला. एकाचं म्हणणं डॅनियल मूर्ख आहे, मुलगी पहिल्या दिवशी जिथे हरवली तिथेच बसून राहायला हवं होतं. दुसरा म्हणाला, बाप बसून राहील का? त्या जुलमी राजाविषयी एकाला वाटत होतं की तो आधी चांगला असणार, लोकांनी हाजी हाजी करून बिघडवला. यावर दोघांचं आठ दिवस बोलणं बंद होतं असं कळलं. सरांनी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या तेव्हापासून असे अभिप्राय कधी ऐकले नव्हते. एकानेही कुणाशी सहमत म्हटलं नाही.

ग्रेसबाई आवाजांच्या दिशेने मान फिरवत ऐकत होत्या. जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, “आणि शेवटचं पान? ती भेट?”

काळुरामच म्हणाला, “बाई, खरं सांगू? ता पान मी वाचलं तवा आमची आय हितं बसलेली. माजी भन सुरतेला दिलेली, बारा वरसं आली नाय. आय उठली नि आत गेली. दुसऱ्या दिशी बोल्ली, माज्या पोरीला फोन लाव. आता दुसऱ्यांदा वाचताना ता पान आलं तं तीच बोल्ली, सावकाश वाच रं.”

ग्रेसबाईंनी काळुरामचा हात शोधून धरला. या वेळी त्यांनी नाडी बघितली नाही, नुसता धरून बसल्या. काशीबाई डोळे पुसत होत्या. सरांनाही काहीतरी बोलावंसं वाटलं, पण त्यांना वाक्य सुचलं नाही, आणि ते बरंच झालं.

चहा झाला. सरांनी घसा साफ करून पुस्तक पेणच्या वाचनालयात परत न्यायचा विषय काढला. ओटीवर एकदम थंडपणा पसरला. बाईंनी सरांच्या बाजूने एक शब्दही काढला नाही, उलट तिसरं वाचन पुरं होऊ द्या म्हणाल्या. काळुरामने आपली अट सांगितली. आधीचे आठ भाग इथे आणून द्यायचे, कारण हा डॅनियल निघाला कुठून हे अजून कुणाला कळलेलं नाही. मग नववा सुटेल. पण तोही नंबराने. पलीकडच्या वाडीतल्या लोकांनी आधीच नावं दिली आहेत.

सरांनी मुकाट्याने मान डोलावली. मग ते म्हणाले, “माझंही नाव घ्या.”

काळुरामने आतून एक वही आणली. पानावर अकरा नावं होती. काशीबाईंनी बारावं आपलं घालून घेतलं. काळुरामने तेरावा आकडा टाकला, नाव विचारलं आणि पेन्सिल कागदावर टेकवून थांबला. त्याने सरांकडे नीट निरखून बघितलं.

“सर, वाचनार ना नक्की?” त्याने विचारलं. “आमी उगा नाव नाय लिवत.”

“वाचणार,” गुप्तेसर म्हणाले.

काळुरामने काशीबाईंकडे बघितलं. काशीबाईंनी जरा विचार केला आणि मान हलवली, तेव्हा कुठे त्याने नाव लिहिलं.